शोधनिबंध लिहून झालेला नसताना परिषदेसाठी गोषवारा पाठवावा का? पाठवला तर त्यात लिहायचं काय?

तुमची अडचण अशी की परिषद फेब्रुवारीत आहे, गोषवारा पंधरा दिवसांत द्यायचाय आणि निबंधाची एक ओळही झालेली नाही. पाठवणं ही फसवणूक ठरेल का? नाही. आयोजकांनाही हे ठाऊक असतं, पूर्ण निबंधाची तारीख बहुतेक वेळा वेगळी असते ती त्यामुळेच. फसवणूक कुठे सुरू होते ते मात्र माझ्या फजितीवरून सांगतो.

माझी पीएचडी चालू होती तेव्हा यूजीसीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रबंध देण्याआधी दोन परिषदांत सादरीकरण सक्तीचं होतं (२०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली). त्यामुळे घाई. विषय होता, जलसंधारणाच्या कामांनी विहिरींची पातळी वाढते का. ती पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा मोजावी लागते. गोषवाऱ्याची मुदत ऑगस्टअखेरची आणि माझ्या वहीत ३२ विहिरींची फक्त मे महिन्यातली मोजणी. तरी लिहून मोकळा झालो: ‘समतल चर व बंधाऱ्यांमुळे भूजलपातळीत लक्षणीय वाढ झाल्याचे आढळले.’ बाजारात तुरी नि भट भटणीला मारी!

ऑक्टोबरात पातळी वाढलेली दिसली खरी, पण शेजारच्या ज्या गावात एकही काम झालं नव्हतं तिथेही जवळपास तितकीच. पाऊस दणकून झाला होता, दुसरं काही नाही. त्यात आपल्याकडचा काळा खडक, बेसॉल्ट. झिजलेल्या, सच्छिद्र थरात पाणी मुरतं, खाली घट्ट कातळ लागला की अडतं, म्हणून एकाच शिवारातल्या दोन विहिरी एकसारख्या वागत नाहीत. परिषदेत पुढच्याच रांगेत एक निवृत्त भूवैज्ञानिक गोषवारे छापलेली स्मरणिका उघडून बसले होते. म्हणाले, “इथे छापलंय ‘आढळले’, पडद्यावर दिसतंय ‘आढळले नाही’. आम्ही कुठलं धरायचं?”

तर क्रियापदं जपून वापरा. जे झालंय त्यालाच भूतकाळ. प्रश्न काय, पद्धत कुठली, हातात नोंदी किती, हे आकड्यांसकट ठासून लिहा. निष्कर्षाच्या जागी मी आज असं लिहीन: ‘३२ विहिरींच्या मेमधील नोंदी पूर्ण असून ऑक्टोबरच्या नोंदींशी व काम न झालेल्या गावातील विहिरींशी त्यांची तुलना मांडली जाईल.’ शीर्षकातही ‘जलसंधारणामुळे पातळीत वाढ’ असा निकाल देऊन टाकू नका. ‘पडताळणी’ म्हटलं की दोन्ही बाजूंना वाट राहते.

एक मात्र बघा. काही परिषदांना, विशेषतः वैद्यकीय, ‘निष्कर्ष मांडले जातील’ असं वाक्य चालत नाही. सूचना नीट वाचा. तसं असेल तर विषयच आखूड करा. माझ्या मेच्या नोंदींवरही एक प्रामाणिक गोषवारा झाला असता: विहिरीची खोली, लागलेला खडक आणि उन्हाळ्यात उरलेलं पाणी. तेव्हा ते फारच किरकोळ वाटलं होतं.

पाठवण्याआधी गाइडना दाखवा, त्यांचं नाव सहलेखक म्हणून जाणार असेल तर नक्कीच. पुढे निकाल फिरला तर छपाईआधी आयोजकांना मेल करून सुधारित गोषवारा घ्याल का विचारा. नाही म्हणाले तर पहिल्याच स्लाइडवर काय बदललं ते सांगून टाका, पुढच्या रांगेतून कुणी विचारायच्या आत.