आवाज घोगरा असला तर चालतो का?

प्रश्न : ताई, मला गेम्सचं प्रचंड वेड आहे आणि लहानपणापासून मी कार्टूनचे आवाज काढते. घरचे म्हणतात यात करिअर बिरिअर काही नसतं, त्यात तुझा आवाज घोगरा. खरंच गोड आवाज लागतो का? आणि सिनेमा, टीव्ही, गेम्स सगळीकडे काम सारखंच असतं का?

उत्तर : अगं, घोगऱ्या आवाजाचं टेन्शन आधी सोड. अमेरिकेची नॅन्सी कार्टराइट १९८७ पासून ‘सिम्पसन्स’ या कार्टूनमधल्या बार्ट सिम्पसनचा आवाज करतेय, म्हणजे दहा वर्षांच्या एका वात्रट पोराचा, आणि गंमत म्हणजे ती ऑडिशनला गेली होती त्याच्या बहिणीच्या, लिसाच्या रोलसाठी. जपानच्या मासाको नोझावा यांचा जन्म १९३६ चा, ‘ड्रॅगन बॉल’ या कार्टूनचा हिरो गोकू त्यांनी १९८६ मध्ये हातात घेतला आणि पुढे त्याची दोन्ही मुलंसुद्धा त्याच करायला लागल्या. गोडवा कुठेय यात? अ‍ॅक्टिंग लागते, बाकी आवाज जसा असेल तसा.

काम मात्र सारखं नसतं. डबिंगमध्ये समोर स्क्रीनवर कुणाचे तरी ओठ हलत असतात आणि तुला त्यात बसायचं असतं. अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा उलटं, आधी आवाज रेकॉर्ड होतो मग त्यावर चित्र हलतं, त्यामुळे तिथे मोकळीक जास्त.

गेम्स हा सगळ्यात अवघड प्रकार, माझ्या मते तरी. बूथमध्ये बहुतेकदा तू एकटी, समोरचा कलाकार नाही, चित्र तयार नाही, हातात एक्सेलसारखी लांबलचक शीट आणि त्यात एकाच प्रसंगाची तीन-चार उत्तरं, कारण खेळणारा काय निवडेल ते आधी ठरलेलं नसतं. जेनिफर हेलने ‘मास इफेक्ट’ या गेमच्या तिन्ही भागांत, २००७, २०१० आणि २०१२, नायिका कमांडर शेपर्ड केली तेव्हा हेच होतं, तीच शेपर्ड एका खेळणाऱ्याच्या हातात दयाळू आणि दुसऱ्याच्या हातात कठोर, आणि दोन्हीकडे ती एकच बाई वाटली पाहिजे. मला तिचं हे काम फार म्हणजे फार मोठं वाटतं. तिनेच टीव्हीवर कार्टून केली, डिस्नेची सिंड्रेलाही केली, म्हणजे एकाच प्रकाराला चिकटून बसायची गरज नसते.

आता गळ्याचं. गेम्समध्ये ‘एफर्ट्स’ असतात, म्हणजे मार खाणं, पडणं, जळणं, किंचाळणं, मरणं, तेही वेगवेगळ्या पद्धतीने पुन्हा पुन्हा. म्हणून ते शक्यतो सेशनच्या शेवटी घ्यायला सांगायचं, नाहीतर बाकीचे डायलॉग गेलेच समज. दुखायला लागलं की थांब, लाजू नकोस. अमेरिकेत २०१६ मध्ये गेम कलाकारांचा संप झाला तेव्हा गळ्यावरचा हा ताण हाही एक मुद्दा होता.

२०२४ मध्ये परत संप झाला तो एआयवरून आणि हे तुझ्या पिढीच्या कामाचं आहे म्हणून सांगते. काँट्रॅक्टमध्ये तुझ्या आवाजाची कॉपी बनवायची परवानगी कुठे लपलीय का, कशासाठी, किती काळ, वेगळे पैसे आहेत का, हे बघितल्याशिवाय सही करायची नाही.

घरच्यांचं म्हणशील तर सुरुवातीला काम तुटक मिळतं हे खरंय, दुसरं काहीतरी उत्पन्न हाताशी ठेव. आणि नुसते आवाज काढू नकोस गं, नाटक कर, छोटा का होईना रोल घे.