होणाऱ्या नवऱ्याच्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. जनुकीय चाचणी करून लग्नाचं ठरवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ३२ वर्षांचा, ठणठणीत, लग्न जवळजवळ ठरलेलं. पण त्याच्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) आहे हे कळल्यावर तुमच्या घरचे कचरले. आता काका म्हणताहेत, मुलाची जनुकीय चाचणी करा म्हणजे सोक्षमोक्ष लागेल.

माझ्या धाकट्या भावाला हा आजार एकोणिसाव्या वर्षी झाला. 'घराण्यात वेड आहे' म्हणून माझं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं. मी जीवशास्त्र शिकवते आणि या आजारावरचं संशोधन भावापायीच वाचत आले. त्या चाचणीने सोक्षमोक्ष लागणार नाही. पैसे घालवू नका.

स्किझोफ्रेनियाचं म्हणून एक जनुक नसतं. एके काळी संशोधकांनाही ते सापडेल असं वाटायचं. १९९० साली स्कॉटलंडमधल्या एका कुटुंबात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीचा मानसिक आजारांशी संबंध दिसला. तिथल्या एका जनुकाचं नावच या आजारावरून 'डिस्क-१' ठेवलं, त्यावर वर्षानुवर्षं काम झालं, पण इतर रुग्णांत त्याचा फारसा हात दिसेना. २०२२ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात सुमारे ७७ हजार रुग्णांचा अभ्यास आला. त्यात जनुकसंचातल्या २८७ जागा या आजाराशी जोडलेल्या आढळल्या, आणि एकेका जागेचा परिणाम अगदी बारीक. त्यातले कितीतरी बदल तुमच्यात-माझ्यातही असतील. या सगळ्याची बेरीज करून जोखमीचा आकडा काढता येतो, पण तो हजारोंच्या गटाबद्दल काही सांगतो, समोरच्या एका माणसाबद्दल नाही. शिवाय या अभ्यासांतले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे असल्याने आपल्याकडे तो आकडा आणखी कच्चा ठरतो.

'हा आजार ८० टक्के आनुवंशिक आहे' हे वाक्य काकांनी वाचलं असेल. त्याचा अर्थ मुलांना होण्याची शक्यता ८० टक्के, असा मुळीच नाही. समाजात कुणाला आजार होतो आणि कुणाला नाही, या फरकातला किती वाटा जनुकांमधल्या फरकाचा, एवढंच तो आकडा सांगतो. तुमच्या कामाचे आकडे वेगळे आहेत. आयुष्यात कधीतरी हा आजार होण्याची शक्यता सर्वसाधारण माणसाला साधारण १ टक्का. सख्खं भावंड आजारी असेल तर ९ टक्क्यांच्या आसपास. काका, मामा, आत्या किंवा मावशी आजारी असेल तर ३-४ टक्के; तुमच्या मुलांना लागू होणारा आकडा हा. हे युरोपातल्या जुन्या कुटुंब-अभ्यासांतले आकडे आहेत. एकसारख्या जुळ्यांत एकाला आजार असला तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्मीच, आणि त्यांची जनुकं तर जवळपास तंतोतंत तीच! पुरुषांत आजार बहुधा विशीत डोकं वर काढतो. म्हणजे ३२ वर्षांच्या निरोगी मुलाने धोक्याचा बराचसा काळ मागे टाकलाय, त्याच्यासाठी तो ९ टक्क्यांचा आकडाही आता जास्तच धरलेला आहे.

मग या संशोधनाचा उपयोग काय, असं वाटेल. मला स्वतःला २०१६ सालच्या एका शोधाने फार धीर दिला. सहाव्या गुणसूत्रावर 'सी-४' नावाचं जनुक आहे, मूळचं रोगप्रतिकारशक्तीच्या कामाचं. वाढत्या वयात मेंदू पेशींमधले नको असलेले जोड छाटतो, द्राक्षबागेत छाटणी करतात तसा. उंदरांत असं दिसलं की कुठला जोड काढायचा त्यावर खूण करण्यात सी-४चा हात असतो. आणि माणसांत या जनुकाचं जे रूप जास्त सक्रिय असतं त्याने आजाराचा धोका थोडा वाढतो. छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा तर्क आहे, अजून सिद्ध झालेलं नाही. पण माझी आई वीस वर्षं स्वतःला विचारत होती, 'मी कुठे कमी पडले?' तिला मी हे कागदावर चित्र काढून समजावलं. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली होती.

चाचणीला अर्थ असतो असा एक अपवाद आहे. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असेल, तर अशा साधारण चारांपैकी एकाला मोठेपणी स्किझोफ्रेनियासारखा मनोविकृतीचा आजार होतो. अशा माणसांत बहुधा जन्मजात हृदयदोष, टाळूचा दोष, शिकण्यातल्या अडचणी यांपैकी काहीतरी असतं. मोठ्या भावात असं काही असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि चाचणी आधी त्या भावाची करायची असते.

आजारी भावाबद्दल तुमच्या प्रश्नात एकच ओळ आहे. ते उद्या तुमचे मोठे दीर होतील. औषधं नियमित घेतात का, दिवसभर काय करतात, आई-वडील थकल्यावर त्यांचं कोण बघणार, हे होणाऱ्या नवऱ्याशी मोकळेपणाने बोला. तुमचा संसार जनुकांपेक्षा या उत्तरांवर जास्त अवलंबून असेल. पुण्यात असाल तर डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये अशी कुटुंबं भेटतील. कुठूनही बोलायचं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. पण त्याआधी एकदा त्यांच्या घरी जा आणि मोठ्या भावाशी बोला. माझ्या भावाला बघायलाही त्या स्थळाकडचं कुणी आलं नव्हतं.