आधी मनातलं, मग मिळेल ते

प्रिय पोरी,

काल तुझे बाबा फोनवर म्हणाले, "इंजिनिअरिंगला बेळगावचं गोगटे कॉलेज मिळालं तर बरं, नाहीतर कुठंही." त्या 'कुठंही'नं मला रात्रभर झोप नाही.

तुझ्यापुढं प्रवेशपरीक्षांची दोन दारं आहेत: कर्नाटकची केसीईटी आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी. केसीईटीत रँक काढताना निम्मा भार पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या गुणांचा असतो, तेव्हा बोर्डाची परीक्षा हलकी घेऊ नकोस. पहिली ते दहावी खेड्यात शिकलीस, म्हणून ग्रामीण आरक्षणाचं प्रमाणपत्र वेळेत करून घे. एमएचटी-सीईटीचाही फॉर्म भर. वादग्रस्त सीमाभागातल्या शाळेतून दहावी किंवा बारावी झालेली, मराठी मातृभाषेची मुलं तिथं 'टाइप ई' म्हणून महाराष्ट्राचीच उमेदवार असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या कितीतरी घरांत हे ठाऊकच नसतं, आणि सांगली-कराडची कॉलेजं मुलांनी बघायचीच राहतात. दाखल्यांसाठी निकालाची वाट बघू नकोस.

आता ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमानं यादी भरणं. माझ्या एका हुशार विद्यार्थ्यानं भीतीपोटी 'नक्की मिळेल' असं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. तेच मिळालं. त्याच्या मनातलं कॉलेज खाली तिसऱ्या क्रमांकावर होतं आणि त्याच्या रँकला ते मिळालंही असतं. यंत्रणा तुझी यादी वरून खाली वाचते आणि बसेल ती पहिली जागा देते. वरती अवघड कॉलेज लिहिल्यानं खालचं हातचं जात नाही. म्हणून मनातलं वर, भरवशाचं खाली.

ब्रँचचं म्हणशील, तर सगळे कॉम्प्युटरकडं धावतात. तू मात्र विहिरीची मोटार खोलून बसणारी पोरगी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गोगटे कॉलेजच्या आसपासच फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप आहेत; मेकॅनिकलवालीला शिकता शिकता तिथं हात काळे करता येतात. बेंगळुरातल्या अनोळखी कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा मला तुझ्यासाठी हे मोलाचं वाटतं. पण निवड तुझी.

व्हीटीयूच्या, म्हणजे कर्नाटकच्या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या, साध्या (स्वायत्त नसलेल्या) संलग्न कॉलेजांत अभ्यासक्रम आणि परीक्षा एकच असतात. फरक पडतो तो शिक्षकांत आणि प्रयोगशाळेत, आणि तो माहितीपत्रकात दिसत नाही. कामाच्या दिवशी दुपारी जा. वर्कशॉपमधलं लेथ चालू आहे का, बघ. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार: सर वर्गावर येतात का, हॉस्टेलला पाणी आहे का, शेवटची बस कितीला?

रविवारी घरी ये. यादी पेन्सिलीनं लिहून आण, बाबांनाही सोबत घेऊन ये.

तुझी,
मॅडम