टायटॅनियमचा केसाहून बारीक खांब दाबून असं काय कळतं, जे मोठ्या नमुन्यातून कळत नाही?

मोठा नमुना ओढला की असंख्य स्फटिककणांची सरासरी हाती येते. तडा मात्र एखाद्याच नडणाऱ्या जागी सुरू होतो. टायटॅनियमचा अल्फा स्फटिक (साध्या तापमानाला असणारी त्याची रचना) षट्कोनी, दिशा बदलली की स्वभावच बदलतो: मुख्य अक्षाच्या दिशेने ताठरपणा सुमारे 145 गिगापास्कल, आडवा जेमतेम 100. म्हणून आयनांच्या झोताने एकाच कणातून काही मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा) खांब कोरून तो हिऱ्याच्या सपाट टोकाने दाबतात; त्या एकाच कणाची, त्या एकाच दिशेची ताकद कळते. ती का हवी? 2017 मध्ये ग्रीनलंडवर एअर फ्रान्सच्या ए380 विमानाच्या इंजिनातला टायटॅनियमचा पंख्याचा हब (पाती धरणारा मधला भाग) फुटला, तो एकाच दिशेला कललेल्या कणांच्या पुंजक्यापासून. फक्त एक लक्षात ठेवा: खांब जितका बारीक तितका तो जास्त दणकट दिसतो. खांबाच्या ताकदीचा तो आकडा थेट डिझाइनमध्ये घालू नका.