तोल सावरणारे पाऊल मोजताना

प्रश्न : फिजिओथेरपीच्या प्रकल्पासाठी आम्ही 20 निरोगी तरुणांची चाचणी घेतली. कमरेच्या पट्ट्याला मागून दोर बांधून पुढे झुकवायचे, दोर अचानक सोडायचा आणि तोल सावरायला टाकलेल्या पहिल्या पावलाची लांबी मोजायची. आठवड्याने पुन्हा मोजले तर आयसीसी (दोन वेळच्या मापांचा मेळ किती, हे 0 ते 1 मध्ये सांगणारा आकडा) 0.64 आली. पावलाच्या लांबीचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) 8 सेंमी आहे. पद्धतच विश्वासार्ह नाही, असे समजायचे का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नाही, एवढ्यावरून तसे ठरवू नका. आयसीसी हे गुणोत्तर आहे. माणसामाणसांतला फरक एकूण फरकाच्या किती, एवढेच ते सांगते. तुमचे वीसही जण तरुण आणि धडधाकट, म्हणजे त्यांची पावले मुळातच एकमेकांसारखी. अशा गटात मोजण्यातली थोडी चूकही आयसीसी खाली ओढते.

म्हणून मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मापात साधारण किती चूक असते ते, सेंटिमीटरमध्येच काढा. 1 मधून आयसीसी वजा करा, वर्गमूळ घ्या आणि विचलनाने गुणा : 0.6 गुणिले 8, म्हणजे 4.8 सेंमी. दोन मापांतल्या फरकासाठी 95 टक्के खात्री हवी, म्हणून तिला 2.77 ने गुणले की 13.3 सेंमी येतात. एखाद्याचे पाऊल दोन चाचण्यांत याहून कमी बदलले, तर तो बदल खरा की मापनातला, हे सांगता येणार नाही. आता हीच 4.8 सेंमी त्रुटी विचलन 16 सेंमी असलेल्या मिश्र वयोगटात धरून पाहा. आयसीसी 0.91 निघते! मोजणी तीच, फक्त गट बदलला. अहवालात दोन्ही आकडे द्या, आणि आयसीसी एका प्रयत्नाची की सरासरीची, तेही लिहा.

तरीही 13 सेंमी जास्तच आहेत, ते कमी करता येतील. आमच्या मते सगळ्यात मोठा घोळ झुकण्याच्या प्रमाणात होतो. नजरेच्या अंदाजाने झुकवू नका. दोराच्या मध्ये सामान तोलायचा डिजिटल काटा अडकवा आणि ताण वजनाच्या ठरावीक टक्क्यांवर आणा. 60 किलोच्या व्यक्तीला 15 टक्के म्हणजे 9 किलो. दोर आडवा आणि न ताणणारा हवा. नायलॉनचा दोर ताणतो आणि सुटताना झटका देतो.

दुसरी गोष्ट पायांवरचा भार. दोर सुटणार हे कळले की माणूस नकळत एका पायावर रेलतो, दुसरा पाय मोकळा होतो आणि पाऊल लवकर उचलले जाते. दोन पायांखाली दोन वजनकाटे ठेवा. भार समान होईपर्यंत सोडू नका. सोडण्याआधीचा थांबा 2 ते 10 सेकंदांत वेगवेगळा ठेवा, अधूनमधून मुळीच सोडू नका. पहिला प्रयत्न नेहमी वेगळा पडतो; त्याची नोंद स्वतंत्र ठेवून पुढच्या पाचांची सरासरी घ्या. मात्र सरासरीने प्रयत्नाप्रयत्नांतली चढउतार निवळते. दुसऱ्या दिवशी पट्टाच वर-खाली बांधला गेला असेल, तर ती चूक तशीच राहते.

वेळही मोजणार असाल, तर साधा मोबाइल व्हिडिओ पुरत नाही. सेकंदाला 30 चित्रे, म्हणजे प्रत्येकी 33 मिलिसेकंद. 240 चित्रांना हेच अंतर 4 मिलिसेकंदांवर येते. कॅमेरा तिवईवर, पावलाच्या रेषेला काटकोनात ठेवा. मोजपट्टी पाऊल पडते त्याच रेषेत हवी, भिंतीवर नको.

आणि सोलापूरच्या मे महिन्यात दोन्ही चाचण्या सकाळी एकाच वेळी घ्या. घामेजलेला अनवाणी पाय शहाबादी फरशीवर सटकतो. त्यावर सतरंजी किंवा चादर तर मुळीच अंथरू नका. दोन्ही वेळी तेच बूट घालायला लावा.

प्रश्न : आमच्याकडे छताला टांगलेला सुरक्षा पट्टा नाही. हाताने ढकलून-सोडण्याची चाचणी चालेल का?
– सात रस्ता, सोलापूर

उत्तर : तपासणीसाठी चालेल. पाठीवर तळवे टेकवून व्यक्तीला मागे रेलू द्यायचे, खांदे आणि नितंब टाचांच्या किंचित मागे गेले की हात झटक्यात काढायचे. गुण 0 ते 4 : एकाच पावलात सावरले तर 0, पाऊल न टाकताच पडू लागले तर 4. निरोगी तरुण बहुतेक 0 किंवा 1 वरच थांबतात, त्यामुळे त्यांच्यातला बारीक फरक या गुणांत दिसणार नाही. मागे एक सहकारी झेलायला उभा हवाच. त्याच्याशिवाय एकही प्रयत्न घेऊ नका.