ओमेप्राझोल देऊनही घोडा दाणा टाकतोय: आधी वेळ तपासा

दाणा अर्धा टाकतो पण गवत खातो, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला की कान मागे टाकून चावायला येतो, अंग उतरलंय आणि संध्याकाळच्या खुराकात मिसळून ओमेप्राझोल (जठरातलं आम्ल कमी करणारं औषध) दोन आठवडे दिलं तरी फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. लक्षणं जठरातल्या अल्सरशी (व्रणाशी) जुळतात. पण दात किंवा पाठ दुखत असेल, किंवा खोगीर टोचत असेल, तरीही घोडा असाच वागतो. खात्री फक्त गॅस्ट्रोस्कोपीने, म्हणजे जठरात कॅमेऱ्याची नळी घालून बघितल्याने होते. त्यासाठी साधारण 3 मीटर लांबीचा स्कोप लागतो आणि घोडा 12 ते 16 तास उपाशी ठेवावा लागतो. लिदीतल्या रक्ताच्या चाचणीवर भिस्त ठेवू नका.

औषध लागू न पडण्याचं पहिलं कारण मला वेळेत दिसतं. ओमेप्राझोल रिकाम्या पोटी द्यायचं: सकाळी, चारा-खुराकाच्या 30 ते 60 मिनिटं आधी. भरल्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. मात्रा किलोमागे 4 मिग्रॅ, दिवसातून एकदा. म्हणजे 400 किलोच्या घोड्याला 1600 मिग्रॅ. वजन अंदाजाने धरू नका, वजनाच्या फितीने मोजा. औषध कोटिंगच्या दाण्यांच्या रूपात असेल तर ते कुटू नका. कोटिंग फुटलं की जठरातलं आम्ल औषध आतड्यात पोचण्याआधीच नासवतं.

किमान 28 दिवस द्या. मधेच बरा दिसला म्हणून थांबवू नका, आणि शेवटी एकदम बंद न करता पशुवैद्याच्या सल्ल्याने मात्रा उतरवा, नाहीतर आम्ल उसळतं. व्रण जठराच्या खालच्या, ग्रंथींच्या भागात असेल तर नुसत्या ओमेप्राझोलने बऱ्याचदा भागत नाही. तिथे सुक्राल्फेट (व्रणावर संरक्षक थर धरणारं औषध) जोडतात, किलोमागे 12 मिग्रॅ दिवसातून दोनदा, ओमेप्राझोलनंतर तासाभराने. अँटासिडचा परिणाम फार तर तास-दोन तास टिकतो. त्याने व्रण भरत नाही.

आणि चारा बदलला नाही तर औषध संपताच सगळं परत येईल. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, पण लाळ फक्त चावताना सुटते. म्हणून रोज वजनाच्या किमान दीड टक्के सुका चारा, सहा तासांहून मोठा खंड नको, रात्रीही बारीक जाळीत गवत असू द्या. दाण्यातला स्टार्च एका वेळी किलोमागे 1 ग्रॅमच्या आत ठेवा. लसूणघास थोडा जरूर द्या, त्यातलं कॅल्शियम आम्ल शमवतं.

स्वारीच्या अर्धा तास आधी दोन-तीन ओंजळी चिरलेला चारा खाऊ घाला. दौडताना पोटाच्या दाबाने आम्ल वर, संरक्षण नसलेल्या अस्तरावर उडतं. चाऱ्याचा थर ते अडवतो. फिनाइलब्युटाझोन किंवा फ्लुनिक्सिन (ही वेदनाशामकं जठराला त्रास देऊ शकतात) चालू असेल तर पशुवैद्याला आजच सांगा.

घोडा लोळू लागला, सारखा पोटाकडे वळून बघू लागला किंवा लीद थांबली, तर अल्सर समजून वाट पाहू नका. तो पोटशूळ असू शकतो, लगेच पशुवैद्याला बोलवा.