निवेदनाची नोकरी, विनोदी कादंबरी आणि स्वतःचे प्रकाशन

खासगी एफएम वाहिनीवर सकाळचा कार्यक्रम करता करता आपली विनोदी कादंबरी लिहून होत आली आहे आणि ती स्वतःच प्रकाशित करण्याचा विचार आहे; तेव्हा नोकरी आताच सोडावी का, आणि कार्यक्रमातील गाजलेली पात्रे पुस्तकात घेता येतील का, असे आपण विचारले आहे. मीही आकाशवाणीवरील निवेदनाकडून लेखनाकडे वळलो असल्याने जरा सविस्तर लिहितो.

नोकरी सोडू नका. निदान पहिल्या पुस्तकाच्या विक्रीचा हिशेब हाती येईपर्यंत तरी नको. अशा वेळी पु. ल. देशपांडे यांचा दाखला हमखास दिला जातो, परंतु १९५५ मध्ये ते पुणे आकाशवाणीत रुजू झाले तेव्हा नाटक आणि चित्रपटांमुळे त्यांचे नाव लोकांना आधीच ठाऊक होते. आपल्याला ओळखतो तो श्रोता, आणि फुकट ऐकण्याची सवय असलेल्या माणसाच्या खिशातून पुस्तकासाठी दोनशे रुपये काढणे हा वेगळाच उद्योग आहे.

खरी अडचण मात्र संहितेत असते. माईकसमोर निम्मा विनोद आवाजाने होतो. ‘मी मुळीच रागावलेलो नाही,’ हे काकांचे वाक्य आपण दात आवळून म्हटले की श्रोता हसतो. कागदावर तेच वाक्य निर्जीव पडून राहते. तिथे ‘मी मुळीच रागावलेलो नाही, असे म्हणून काकांनी वाचून संपवलेला पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला,’ असे काही लिहावे लागते, म्हणजे आवाजाचे काम कृतीकडून करून घ्यावे लागते. रेडिओने दिलेले संवादाचे कान आणि काटछाटीची सवय इथे फार उपयोगी पडते, पण तीन मिनिटांच्या तुकड्यात हशा मिळवून गाण्याकडे वळण्याची सवय तितकीच घातक ठरते, कारण प्रत्येक प्रकरण चुटक्यावर संपणारी कादंबरी पन्नासाव्या पानापर्यंत वाचकाला दमवते. म्हणून हस्तलिखित आपला आवाज कधीही न ऐकलेल्या दोघा-तिघांना द्यावे आणि ते स्वतः वाचून दाखवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

पात्रांविषयी सांगायचे तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. त्यामुळे नेमणुकीचा करार काढून वाचावा आणि वाहिनीची लेखी परवानगी घ्यावी, अन्यथा नवी पात्रे घडवावीत. मला दुसरा मार्ग अधिक बरा वाटतो, कारण जुनी पात्रे जुनाच आवाज मागत राहतात.

आता पैसा. समजा, छापील किंमत २०० रुपये आहे आणि वितरक व दुकानदार मिळून ४० टक्के कमिशन घेतात. आपल्याकडे १२० रुपये येतात आणि त्यांतूनच छपाई, डीटीपी (संगणकावरील अक्षरजुळणी), मुखपृष्ठ व मुद्रितशोधन भागवायचे असते. मुद्रितशोधनात काटकसर करू नये. विनोदी वाक्यात एक अनुस्वार चुकला तरी मुद्रकाच्या चुकीलाच लोक हसतात. सुरुवातीला मागणीनुसार छपाई पत्करावी, प्रत महाग पडली तरी पलंगाखाली गठ्ठे साचत नाहीत. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक मंचावर मराठी ई-पुस्तक स्वतः चढवता येते, परंतु भारतातील विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असल्यास इतर अटींबरोबरच केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेची अट, म्हणजे योजनेत असेपर्यंत ई-आवृत्ती अन्यत्र न देण्याची, मान्य करावी लागते. एरवी ३५ टक्के मिळतात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतःच्या नावे अर्ज करता येतो, तेव्हा त्याचे वेगळे पैसे लावणाऱ्या ‘पॅकेज’पासून दूर राहावे. प्रकाशक आपणच असल्याने १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवण्याची जबाबदारीही आपलीच असते. श्राव्य पुस्तकाचे हक्क मात्र कुणालाही घाईने देऊ नयेत, कारण ते वाचणारा आवाज आपल्याकडे आहेच.